दोन जुन्या बांबूच्या काठ्या, एक रीळ आणि ट्राउट: ओळख पटवायला मदत हवी

रानवारा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असतो. आज भलतंच काढलंय, सांभाळून घ्या.

न्यू जर्सीत आमच्या शेजारी गणिताचे एक निवृत्त मास्तर राहायचे. बर्फ पडला की आधी आमच्या दारातला काढायचे, मग स्वतःच्या. नोव्हेंबरात गेले. गेल्या रविवारी त्यांची मुलगी घर आवरायला आली होती. तिने मला बोलावून दोन लांब नळकांडी हातात ठेवली. म्हणाली, "तू बाबांबरोबर एकदा नदीवर गेला होतास ना, मग हे तुझंच." गेलो होतो खरा, पण काठावर बसून थर्मासमधली कॉफी संपवणं एवढंच माझं कर्तृत्व. लहानपणी वाईला कृष्णेच्या घाटाखाली कणकेची गोळी लावून गळ टाकायचो, त्यापलीकडे शिक्षण नाही.

मास्तरांचा छंद फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला खोटी माशी बांधून मासे धरायचे. तर ऐवज असा:

एक ॲल्युमिनियमचं नळकांडं. आत कापडी पिशवीत तीन तुकड्यांची बांबूची काठी, शेंड्याचा एक तुकडा जादा. रंग मधासारखा तपकिरी. मुठीच्या वर 'ग्रेंजर व्हिक्टरी' असं लिहिलंय आणि ९०५० हा आकडा. सोबत फ्ल्यूगर मेडलिस्ट नावाचं काळं रीळ. फिरवलं की मस्त कर्रर्र आवाज करतं, आमचे चिरंजीव दिवसभर तेच करतायत.

दुसऱ्यात मखमल लावलेली, खाचा पाडलेली लाकडी पट्टी आणि त्या खाचांत बसवलेली तीन तुकड्यांची दहा फुटी काठी. नाव नाही, शिक्का नाही. दर इंच-सव्वा इंचावर लाल रेशमाचे वेढे. दोरी ओवायला सैल लोंबत्या कड्या. आणि बांबूवर मधूनमधून काळे डाग, कोणीतरी उदबत्तीने चटके द्यावेत तसे. आधी वाटलं, कुठल्या तरी आगीतून वाचलेली दिसते.

१ एप्रिलला न्यूयॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउटचा (हा गार पाण्यातला मासा) मुख्य हंगाम सुरू होतो. मास्तर दरवर्षी जायचे, यंदा त्यांच्या काठ्या घेऊन आपण जावं असं मनात आहे. या काठ्या वापरू का, की भिंतीवर टांगू? इथे कोणी या वाटेला गेलंय का?

---

सुरमई | ८ फेब्रुवारी, रात्री ११:१५

म्हणजे मासा पकडायला खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर फेकायची, परत ओढायची, परत फेकायची. माश्या मारणे हा वाक्प्रचार इतका शब्दशः जगणारी माणसं पहिल्यांदाच पाहतेय. (दिवे घ्या!)

वाचतेय. फोटो टाका की.

---

पाणघार | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:०३

रानवारा, घबाड मिळालंय तुम्हाला. कोलोरॅडोत वीस वर्षं हेच खूळ डोक्यात घेऊन फिरतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली काठी आमच्या गावची, डेन्व्हरची. ग्रेंजरचा आकडा वाचायची रीत सोपी आहे. ९० म्हणजे ९ फूट ० इंच आणि ५० म्हणजे ५ औंस, साधारण १४० ग्रॅम. आजची कार्बनची नऊ फुटी काठी याच्या जवळपास निम्म्या वजनाची असते, त्यामुळे पहिल्या दिवशी मनगट कुरकुरेल. ही कारखान्यात बनलेली, कामाची काठी आहे. हातकारागिरांच्या काठ्यांचं जग वेगळं. जिम पेन, एव्हरेट गॅरिसन ही नावं ऐकली की संग्राहक घर गहाण टाकायला निघतात. गॅरिसन पेशाने इंजिनियर. पुलाच्या तुळईवरचा ताण काढावा तसा काठीवरचा ताण इंचाइंचाला मोजून तो तिची जाडी ठरवायचा. पण ग्रेंजर ही माझ्या मते मासेमाराने वापरावी अशीच काठी आहे. ती भिंतीवर टांगलीत तर मास्तर स्वप्नात येऊन भूमिती विचारतील.

फ्ल्यूगर मेडलिस्ट ओहायोतल्या ॲक्रनचं. त्याला गरिबांचं हार्डी म्हणतात. हार्डी म्हणजे इंग्लंडमधल्या ॲनिक गावची १८७२ सालची पेढी. त्यांचं 'परफेक्ट' रीळ १८९०च्या आसपास आलं आणि तोच आराखडा थोड्याफार फरकाने शतकभर चालला. मेडलिस्टला ती शान नाही, पण ते मरत नाही. उघडून आतला जुना चिकट ओंगण पुसून काढा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या, बास.

दुसऱ्या काठीबद्दल लगेच बोलत नाही, कारण तुम्ही चटक्यांचं लिहिलंय ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तीन गोष्टी सांगा:

लोंबत्या कड्या नक्की सुट्या हलतात ना? मुठीला बूच आहे की वेताचा विणकाम केलेला वेढा? आणि सगळ्यात महत्त्वाचं: काठीची सहापैकी कुठलीही एक बाजू धरा, त्या बाजूवर पेराची एक गाठ शोधा आणि त्याच बाजूवरची पुढची गाठ किती इंचांवर आहे ते मोजा. शेजारच्या बाजूच्या गाठी मोजू नका, त्या मुद्दाम मागेपुढे बसवलेल्या असतात. एकाच पट्टीवरच्या हव्यात.

तोवर ती काठी वाकवू नका, ओली करू नका आणि हात जोडून सांगतो, पॉलिश पेपर लावू नका.

---

मेसकाठी | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

सहा बाजू म्हणजे? बांबू गोल असतो की. मी गडचिरोलीत बांबूच्या कामात आहे (सरकारी नव्हे, फर्निचर), म्हणून उत्सुकता.

---

पाणघार | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४८

तुम्हालाच तर शोधत होतो!

आख्खा बांबू चिरून त्याच्या कामट्या काढतात. प्रत्येक कामटीला रंधा मारून ६० अंशांचा त्रिकोण करायचा, सालीची बाजू सोडून उरलेल्या दोन्ही बाजूंनी. साल म्हणजे काठीचा प्राण, तिला रंध्याचं पातं लावायचं नाही. मग असे सहा त्रिकोण सरसाने चिकटवले की षट्कोनी भरीव काठी तयार होते. बाहेर सगळी दाट धाग्यांची साल, आतला भुसभुशीत गर रंध्याखाली गेलेला. शेंड्याकडे निमुळती होत जाते, आणि त्या निमुळतेपणाचं माप इंचाच्या हजाराव्या भागात धरतात. शेंड्याचं टोक उदबत्तीच्या काडीहून थोडंसंच जाड.

अमेरिकेत याची सुरुवात १८४०च्या दशकात सॅम्युएल फिलिपी या पेन्सिल्व्हेनियातल्या बंदुका बनवणाऱ्याने केली. तो व्हायोलिनही बनवायचा. पुढे मेन राज्यात हायरम लिओनर्डने कामट्या कापायचं यंत्र बसवलं आणि धंदा उभा राहिला.

---

मेसकाठी | १० फेब्रुवारी, सकाळी ९:१०

वा! बुरूड मंडळी हेच सांगतात: सालीत जीव, गरात पाणी. टोपलीला सालीची बेळं वापरतात, गराची काढून फेकतात. पण असे त्रिकोण रंधून परत जोडायचे हे कधी ऐकलं नव्हतं.

कुठला बांबू वापरतात? आमच्याकडे लाठीला मेस लागतो, तो बुडाकडे जवळजवळ भरीव. कळक जाड पण पोकळ आणि काटेरी. कोकणातला माणगा सरळ, बिनकाट्याचा. तोडणी कधीची हेही बघावं लागतं. इकडचे जुने लोक अंधाऱ्या पंधरवड्याशिवाय बांबूला कोयता लावत नाहीत, नाहीतर भुंगा लागतो म्हणतात.

---

नीरजा_ठाणे | १० फेब्रुवारी, दुपारी ३:५५

विषय सुंदर आहे, कारागिरी वाचायला आवडतेय, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. खायचा नाही, विकायचा नाही, नुसता गळाला लावायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. यात माशाच्या बाजूने काय आहे? खाण्यासाठी पकडणारा कोळी मला जास्त कळतो.

---

सुरमई | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

नीरजा +१. माझ्या मालवणच्या आजीला हे सांगितलं तर ती एकच प्रश्न विचारेल: "सोडूचोच होतो तर पकडलास कित्याक?"

---

पाणघार | १० फेब्रुवारी, रात्री ९:३१

आजींना माझ्याकडे उत्तर नाही, प्रामाणिकपणे सांगतो. एवढंच सांगू शकतो की गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही आणि पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दुकान बंद. कोमट पाण्यात ट्राउटला प्राणवायू पुरत नाही, दमवलेला मासा सोडला तरी नंतर मरतो. न्यूयॉर्कमध्ये मुख्य हंगामात मर्यादेत मासे घरी नेता येतात, खायचे तर रीतसर खा. पण बीव्हरकिल नदीच्या काही पट्ट्यात नेणं मना आहे. तिथे गर्दी इतकी की प्रत्येकाने एक नेला तर जूनपर्यंत नदीत फक्त दगड राहतील.

मेसकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रानवारांच्या मोजमापावर अवलंबून आहे. रानवारा, कुठे आहात?

---

जुनाट | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१४

पुण्याहून. वडील सैन्यात होते, साठच्या दशकात श्रीनगरला पोस्टिंग. तिथे निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी हार्डीची एक बांबूची काठी घेतली होती. हार्डीवाले त्यांच्या बांबूच्या काठ्यांना 'पलाकोना' म्हणायचे, तोच शब्द मुठीजवळ आहे. लिडर नदीच्या पाण्यावर वडिलांनी तिच्यावर बरेच ट्राउट काढले, असं ते म्हणायचे. आई म्हणायची दोन.

पुढे आमच्या माळ्यावर ती चाळीस पावसाळे पडून राहिली. मी उघडली तेव्हा कसरीने रेशमाचे वेढे फस्त केले होते आणि मधला तुकडा पेन्सिलीसारखा उभा चिरला होता, सरस सुटून. चूक आमचीच. शेवटच्या दिवशी ओल्या पिशवीत घालून धातूच्या नळकांड्यात बंद केली होती. म्हणून रानवारांना सांगणं: काठी आणि पिशवी पूर्ण वाळल्याशिवाय नळकांड्याचं झाकण लावू नका. आणि घरी असताना पिशवीच्या बंदाने कपाटात टांगून ठेवा, कोपऱ्यात तिरकी टेकवली की बाक धरते.

---

भटकभवानी | ११ फेब्रुवारी, दुपारी १:०२

जुनाट, लिडर वाचून जीव हळहळला.

भारतात ट्राउट मुळात नव्हताच, हे मला हिमाचलात बरोटला जाईपर्यंत माहीत नव्हतं. काश्मीरमध्ये मिचेल म्हणून एक स्कॉटिश गालिचेवाला होता. त्याच्या खटपटीने तपकिरी ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून १९०० साली श्रीनगरला धडपणे पोचली. आदल्या वर्षीची खेप वाटेतच मेली होती. अंडी बर्फात आणि शेवाळ्यात गुंडाळून बोटीने आणि मग टांग्याने, कल्पना करा. तिथून १९०९च्या सुमारास कुलूला नेली आणि मग हिमाचलभर पसरली.

मी बरोटला उहल नदीवर गेले होते, मत्स्य विभागाचा परवाना काढून. तिथे सरकारी मत्स्यबीज केंद्रही आहे. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला सुट्टी असते, तेव्हा अंडी घालतात. मार्चनंतर जा. मी तीन दिवस माशी फेकली, एक मासा नाही. गावातल्या दहा वर्षांच्या पोराने माझ्यादेखत गळाला लावलेल्या चमकत्या पत्र्याच्या चमच्याने दोन काढले. तरी परत जाईन.

---

कोरडा_ओढा | ११ फेब्रुवारी, रात्री ८:४०

बाळबोध प्रश्न. महाबळेश्वरला एवढी थंडी असते, तिथे ट्राउट का सोडला नाही इंग्रजांनी? निलगिरीत सोडला ना?

---

पाणघार | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

थंडी हवेला असून उपयोग नाही, पाण्याला बारमाही हवी. निलगिरीत बरेच प्रयत्न फसल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲव्हलांच इथल्या मत्स्यबीज केंद्रात इंद्रधनुषी ट्राउट रुजला. मुन्नारच्या वरच्या मळ्यांतही. सह्याद्रीतले ओढे मार्चात एक तर आटतात नाहीतर डबक्यांत तापतात. ट्राउटच्या अंड्यांना वाहतं, गार पाणी आणि स्वच्छ खडी लागते.

आणि आपल्याला उसना मासा हवाच कशाला? दख्खनी महसीर, म्हणजे खडशी, शास्त्रात नोंदला गेला तोच पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतून, कर्नल साइक्सने १८३९ साली. आज तिथे त्या नदीत हात घालायची हिंमत होत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्लं वाढवतात, तेवढा दिलासा.

---

रानवारा | १३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

सॉरी सॉरी, ऑफिसात आग लागली होती (अक्षरशः नव्हे). बायको झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर काठी मांडून टेपने मोजली.

कड्या सुट्या हलतात, लहान मुलीच्या डुलांसारख्या. मुठीला वेताचा वेढा आहे, बूच नाही. आणि गाठी: एका बाजूवर साडेदहा इंच, दुसऱ्या बाजूवर दहा, तिसरीवर अकराला थोडं कमी. मग त्याच उत्साहात ग्रेंजर मोजली. तिच्या बुडख्याच्या तुकड्यात एका बाजूवर दोनच गाठी सापडल्या, सतरा इंचांवर. दोन्हींत एवढा फरक कसा?

---

पाणघार | १३ फेब्रुवारी, रात्री ११:५८

मंडळी, झोपायला चाललो होतो, आता कुठली झोप.

ग्रेंजरचा बांबू चीनचा. त्याला धंद्यात टोंकिन म्हणतात. खरं तर टोंकिन म्हणजे उत्तर व्हिएतनाम आणि हा येतो चीनच्या ग्वांगडोंगमधल्या सुई नदीच्या खोऱ्यातून. मॅक्लूर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ साली त्याला अमाबिलिस, म्हणजे लोभस, असं शास्त्रीय नाव दिलं. लांब पेरं, दबलेल्या गाठी, सालीत धाग्यांचा जाड थर. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चांगल्या काठ्या त्याच्याच. १९५० साली कोरियाच्या युद्धात अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. तेवढ्यात काचतंतूच्या काठ्या आल्या आणि बांबूवाले बहुतेक बसले. ज्यांनी आधीच बांबू भरून ठेवला होता तेच तगले.

पण टोंकिनच्या आधी, म्हणजे फिलिपी आणि लिओनर्डच्या काळात, या सगळ्या काठ्या ज्या बांबूच्या व्हायच्या त्याला नाव होतं *कलकत्ता केन*. पेरं आखूड. आणि त्याची ओळखीची खूण, ज्यावर संग्राहक जीव टाकतात, ती म्हणजे सालीवरचे भाजल्याचे काळे डाग.

सुट्या कड्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे मागे पडल्या, त्यांच्या जागी वळणदार तारेच्या कड्या आल्या. इंचाइंचाचे वेढे का? त्या काळी जनावराच्या हाडा-कातड्याचा सरस वापरत, तो ओलाव्याने सुटायचा. म्हणून काठी रेशमाने बांधूनच ठेवायचे.

थोडक्यात, रानवारा, तुमच्या टेबलावर पडलीय ती बहुधा १८८०-९०च्या आसपासची काठी आहे. नाव नसणं नवल नाही, पुष्कळ कारखाने दुकानदारांसाठी बिननावाचा माल काढत. आणि तिचा बांबू वाढला हिंदुस्थानातल्या कुठल्या तरी जंगलात.

---

मेसकाठी | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

थांबा थांबा. आखूड पेरं, भरीव, लाठीचा बांबू. हा तर मेस!

---

पाणघार | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:२२

बरोबर, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. काठ्यांच्या अभ्यासकांत बहुतेकांचं मत तेच आहे. कलकत्ता हे फक्त बंदर, बांबू कुठल्या जंगलातला ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. टोंकिन टोंकिनचा नाही आणि कलकत्ता कलकत्त्याचा नाही, असा हा धंदा.

---

सुरमई | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

मी थट्टा करायला आले होते आणि आता ऑफिसात हा धागा दर तासाला उघडतेय. मग ते डाग कशाचे?

---

मेसकाठी | १४ फेब्रुवारी, दुपारी १:४५

मला वाटतं काठी शेकून सरळ केल्याचे. लाठी अशीच करतात: जाळावर शेकायची, गरम असताना खाचेत अडकवून वाक काढायचा, मग तेल पाजायचं. पण माझं ज्ञान टेबल-खुर्चीपुरतं. आमच्या गावात एक म्हातारे बुरूड आहेत, त्यांना फोटो दाखवून सांगतो. रानवारा, डागांचा जवळून फोटो टाका, नाणं शेजारी ठेवून.

---

नीरजा_ठाणे | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

माझा आक्षेप कायम आहे. पण १८८० साली आपल्या जंगलातली लाठी न्यूयॉर्कच्या ओढ्यावर गेली आणि ती दीडशे वर्षांनी वाईच्या माणसाच्या टेबलावर आली, हे मात्र आईला फोन करून सांगितलं.

---

रानवारा | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

फोटो डकवलेत. नाणं पंचवीस सेंटचं आहे.

ठरवलंय. जुनी काठी पाण्यावर जाणार नाही. ग्रेंजर जाईल. दोरी कुठली घेऊ? रिळावर जी आहे ती कडक झालीय, वाटाण्याच्या वाळक्या वेलीसारखी. डबीवर एचडीएच असं लिहिलंय.

---

पाणघार | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

ती रेशमाची दोरी असणार. जुन्या मापात अक्षर म्हणजे जाडी: ए म्हणजे इंचाच्या हजार भागांतले साठ, मग प्रत्येक अक्षराला पाच कमी. डी पंचेचाळीस, एच पंचवीस. एचडीएच म्हणजे दोन्ही टोकांना बारीक, मधे जाड. प्लास्टिकच्या दोऱ्या आल्यावर नुसत्या जाडीवरून वजन कळेना, म्हणून साठच्या सुमारास वजनाचे क्रमांक आले. एचडीएच म्हणजे आजची ढोबळमानाने ५-६ नंबर. तुमच्या काठीला ५ किंवा ६ घ्या, दोन्ही टोकांना निमुळती. रेशीम वापरायचं तर दर सकाळी मेणचट मलम चोळा, दुपारी ती पाणी पिते म्हणून परत चोळा, रात्री रिळावरून काढून वाळत घाला. नव्या माणसाने त्या फंदात पडू नये.

तुकडे जोडताना पिळू नका, सरळ दाबा. धातूचा सांधा घट्ट वाटला तर नाकाच्या कडेला फिरवा, तेवढं तेल पुरतं. हसू नका, जगभरचे मासेमार हेच करतात. सोडवताना अडला तर काठी दोन्ही गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, हात ताठ ठेवा आणि गुडघे फाकवा. सरळ ओढ बसते. चांगला सांधा सुटताना बाटलीच्या बुचासारखा टक् वाजतो.

आणि फेकताना घाई नको. कार्बनच्या काठीवर शिकलेली मंडळी इथेच आपटतात. दोरी मागे पूर्ण उलगडू द्या, काठी ती ओढ मनगटाला कळवते, मग पुढे. लवकर ओढलीत तर आसुडासारखा फटाका वाजेल आणि टोकाची माशी मागच्या झाडात राहील.

---

रानवारा | ४ मे, रात्री ९:१५

अहवाल उशिरा देतोय. १ एप्रिलला गेलोच नाही, पाणी चहाच्या रंगाचं आणि हवेत बर्फ. २६ एप्रिलला रॉस्कोला गेलो, जिथे विलोविमॉक नदी बीव्हरकिलला मिळते. मास्तर म्हणायचे तसंच, दुपारी दोनच्या सुमारास हेंड्रिक्सन नावाच्या माश्या पाण्यातून वर यायला लागल्या, राखाडी पंख उभे धरून वाहत होत्या, छोट्या होड्यांसारख्या. मास्तरांच्या डबीतली तशीच माशी बांधली. तिचे दोरे त्यांनीच गुंडाळलेले.

सहा माश्या झाडांना वाहिल्या. पाणघार, फटाका वाजला. सहा वेळा.

साडेतीन वाजता, काठी थोडी कळायला लागली होती, तेव्हा एका दगडाच्या मागे पाण्यावर ओठ उमटले. फेकली, वाहिली, ओठ परत उमटले आणि मी वाईच्या सवयीने झटका दिला. गेला. गळ कणकेचा असता तर आत रुतला असता. दुसऱ्यांदा हात बांधून ठेवला, नुसती काठी उचलली. दहा इंचांचा तपकिरी ट्राउट. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. तोही इथला नव्हेच, १८८३ साली अंड्यांच्या रूपात जर्मनीहून लाँग आयलंडवर आलेल्यांच्या वंशातला. पाण्यातच गळ काढला. तो माझ्या बुटाशेजारी श्वास घेत क्षणभर थांबला, आणि मग तिथे नव्हता. सुरमई, तुमच्या आजींना माझ्याकडेही उत्तर नाही.

येताना लिव्हिंग्स्टन मॅनरच्या मासेमारी संग्रहालयात थांबलो, जुनी काठी सोबत होती. जुन्या काठीवाल्यांची अवजारं तिथे मांडलीत, रंधे, ठोकळे. तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी भिंगातून डाग पाहिले, गाठी मोजल्या आणि पाणघार म्हणाले तेच म्हणाले. मग मला विचारलं, "तुम्ही कुठले?" म्हटलं, भारतातला. त्यांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि हसायला लागले.

---

पाणघार | ४ मे, रात्री ९:५०

दहा इंच! अभिनंदन. काठी वाळवली ना?

---

रानवारा | ४ मे, रात्री ९:५२

पडद्याच्या दांडीला टांगलीय. बायको बोलत नाहीये.

---

मेसकाठी | ११ मे, सकाळी ८:२०

उशीर झाला. बुरूडकाका लेकीकडे गेले होते, काल भेटले. फोनवरचा फोटो बराच वेळ मोठा करून करून पाहिला. मी म्हटलं, काठी शेकून सरळ केल्याचे डाग ना? तर म्हणाले, "नाही. वाक असतो गाठीला, शेक द्यायचा गाठीला. हे डाग पेराच्या मधे आहेत. इथे शेकून काय सरळ करणार? हे कोणी मुद्दाम दिलेत."

मग कशासाठी, विचारलं. म्हणाले, "ज्यानं दिले त्याला विचार." आणि वर विचारलं की काठी तेल मागतेय, तिकडे कोणी पाजतं का.

---

रानवारा | ११ मे, सकाळी ८:४१

पाणघार, तेल चालेल का?

---

पाणघार | ११ मे, सकाळी ९:०५

नको! व्हार्निश सुटेल. काकांना माझा नमस्कार सांगा.